बालशिक्षणातील घरगुती खेळ व अल्पमोली साधने

स्थूलमानाने दोन ते सहा वर्षे या वयाच्या बालकांच्या शिक्षणासाठी घरातील वा परिसरातील सहज मिळणाऱ्या वस्तूंचा खेळाच्या रूपाने केलेला उपयोग, असा या विषयाचा आशय सांगता येईल. खडे, शिंपले, बिया, पाने, माती, चिंध्या, रिकाम्या डब्या, वाट्या व पाणी ही या शिक्षणाची साधने होत. ती सर्वत्र व सर्वकाळ उपलब्ध होती. परंतु त्यांच्याकडे शिक्षणाची साधने म्हणून पाहण्याची दृष्टी गेल्या सुमारे चार शतकांत क्रमाक्रमाने विकसित झाली. बालशिक्षणाच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते. एखादी पद्धती गरीब वा सामान्य घरातील मुलांमध्ये जन्म घेते, तिची साधने प्रमाणित होतात, त्यांना बाजारभाव येतो आणि ती पद्धती सुखवस्तू वर्गापुरती उरते. मग कोणीतरी त्या साधनांमागचे तत्त्व वेगळे काढून ते पुन्हा साध्या वस्तूंत उतरविते. या आवर्तनात महाराष्ट्रातील शिक्षणकार्यकर्त्यांचा वाटा महत्त्वाचा आहे.

परंपरागत खेळ : मुलांची खेळणी हा प्रकार अतिप्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या मोहें-जो-दडो व हडप्पा येथील उत्खननांत मातीच्या छोट्या गाड्या, शिट्ट्या आणि प्राण्यांच्या आकृती मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकाचे नावच एका खेळण्यावरून आलेले आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेला चारुदत्ताचा मुलगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो आणि वसंतसेना ती गाडी आपल्या अलंकारांनी भरून देते. महागड्या खेळण्यापुढे साधे खेळणे मुलाला उणे वाटते, ही अडचण किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रातील घराघरांत बालकांच्या खेळांची मोठी परंपरा होती व ती काही अंशी आजही टिकून आहे. तान्ह्या मुलाच्या तळहातावर व बोटांवर करावयाचे बोटखेळ, काऊ-चिऊच्या गोष्टी, भातुकली, चिंध्यांच्या बाहुलीचे लग्न, ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, नारळाच्या पातीची भिंगरी, आंब्याच्या कोयीची पुंगी, चिंचोके व सागरगोटे यांचे खेळ ही त्यांची काही उदाहरणे होत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल मिरवितात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मोहरी वा अळीव पेरण्याची प्रथा आहे. त्यात माती कालविणे, रचना करणे, पाणी घालणे आणि अंकुर फुटण्याची वाट पाहणे असे अनेक अनुभव एकत्र येतात. हे खेळ शिक्षणाच्या हेतूने रचलेले नव्हते. मोठ्या भावंडांकडून ते धाकट्यांकडे जात व वडीलधाऱ्यांना त्यांसाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. एकत्र कुटुंब, अंगण व गल्ली ही त्यांची भूमी होती. ती भूमी आक्रसल्यावर हे खेळ जाणीवपूर्वक शिकविण्याची गरज निर्माण झाली.

पाश्चात्त्य विचार : घर हीच पहिली शाळा होय, हा विचार पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय मोरेव्हियन शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमीनिअस (१५९२–१६७०) यास दिले जाते. तीस वर्षांच्या युद्धामुळे परागंदा झालेल्या कोमीनिअसने सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणास ‘मातृशाळा’ असे नाव दिले. या विषयावरील त्याचा ग्रंथ १६३३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना माती, लाकूड व दगड यांची घरे रचू द्यावीत, ऊन-सावली, जड-हलके, आत-बाहेर यांची ओळख रोजच्या व्यवहारातून करून द्यावी, असे त्याचे प्रतिपादन होते. 

स्वित्झर्लंडमधील योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने हाच विचार पुढे नेला. त्याच्या लीनहार्ट उंड गेरट्रूट (१७८१) या कादंबरीतील गेरट्रूट ही खेड्यातील आई मुलांना खोलीतील पावले आणि खिडकीची तावदाने मोजावयास लावून अंकगणित शिकविते. १७९९ मध्ये श्टान्स येथे युद्धात अनाथ झालेल्या सु. ८० मुलांचा सांभाळ पेस्टालोत्सीने केला. तेथे पुस्तके व उपकरणे जवळजवळ नव्हतीच; भोवतालच्या वस्तू आणि मुलांचे परस्परांशी असलेले नाते यांतूनच त्याला शिक्षण उभे करावे लागले.

पेस्टालोत्सीच्या इव्हेर्दाँ येथील संस्थेत १८०८ ते १८१० या काळात राहिलेल्या फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने खेळाला बालशिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. १८३७ मध्ये थुरिंजियातील ब्लांकेनबुर्क येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘बालोद्यान’ हे नाव दिले. त्याने ‘देणग्या’ या नावाने खेळण्यांची एक मालिका रचली. लोकरीचे सहा रंगीत चेंडू ही पहिली देणगी. लाकडी गोल, घन व वृत्तचिती ही दुसरी. आणि आठ छोट्या घनांत विभागलेला घन ही तिसरी देणगी होय. यांच्या जोडीला कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, मातीकाम इ. उद्योग होते. १८४४ मध्ये त्याने मातांसाठी बोटखेळ, गाणी व चित्रे यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आईच्या हातांवाचून त्यात दुसरे कोणतेच साधन लागत नाही. प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली. तोवर फ्रबेल निवर्तला होता. परंतु त्याच्या अनुयायांनी ही पद्धती अन्य देशांत नेली.

या प्रसाराबरोबर साधनांचा व्यापारही वाढला. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळणी-उत्पादकाने १८६९ पासून बालोद्यानाच्या साहित्याचे उत्पादन हाती घेतले. पुढे प्रसिद्धीस आलेला वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट याच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ही साधने पाहिली व मुलासाठी घरी आणली, असे राइटने आत्मचरित्रात नमूद केले आहे. परंतु देणग्या ठरावीक क्रमाने व ठरावीक रीतीने हाताळण्यावर भर आला आणि अनेक ठिकाणी खेळ यांत्रिक कवायतीत रूपांतरित झाला. फ्रबेलचा मूळ विचार आईच्या पुस्तकात होता. बाजारात मात्र त्याच्या पेट्या पोहोचल्या.

माँटेसरी पद्धती : इटालियन वैद्यक व शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंत्सो या गरीब कामगारवस्तीत पहिले ‘बालगृह’ उघडले. आईवडील कामावर गेल्यानंतर चाळीत मोकाट राहणारी मुले हे तिचे पहिले विद्यार्थी होत. मंदबुद्धी मुलांसाठी ईतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांनी तयार केलेल्या साधनांच्या आधारे तिने ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाची साधने सिद्ध केली. १ ते १० सेंमी. बाजू असलेल्या दहा घनांचा गुलाबी मनोरा आणि प्रत्येकी दहा दट्ट्यांचे चार ठोकळे ही त्यांपैकी प्रसिद्ध साधने होत. दट्ट्या चुकीच्या खळगीत बसविली, तर शेवटची दट्ट्या शिल्लक राहते व चूक मुलाला स्वतःलाच कळते. शिक्षकाने टोकण्याचे कारण उरत नाही. या स्वयंशोधनासाठी साधन अत्यंत अचूक मापाचे असावे लागते. उत्तम लाकूड व काटेकोर कारागिरी यांमुळे त्याची किंमत वाढली. कामगारवस्तीत जन्मलेली पद्धती काही दशकांतच अनेक देशांत श्रीमंत मुलांच्या शाळांचे वैशिष्ट्य ठरली.

तथापि माँटेसरीच्या पद्धतीचा दुसरा भाग पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. पाणी ओतणे, झाडणे, गुंड्या लावणे, पाने पुसणे, ताट मांडणे यांसारख्या ‘व्यावहारिक जीवनाच्या’ उद्योगांना तिच्या पद्धतीत पायाभूत स्थान आहे. त्यांसाठी मुलाच्या हाताला पेलेल अशा आकाराच्या घरगुती वस्तू पुरतात.

भारतातील आरंभ : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी अमेरिकेतील वास्तव्यात फिलाडेल्फिया येथे बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन स्थापन करताना ती दृष्टी बरोबर आणली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांनी माँटेसरीची साधने स्वीकारली; त्याचबरोबर लोककथा, गाणी, नाट्य, मातीकाम व परिसरातील भटकंती यांना त्यांच्या बालमंदिरात मोठे स्थान मिळाले. पालकांसाठी त्यांनी सातत्याने सोप्या गुजरातीत लेखन केले. मुलाला घरात काम करू द्यावे, त्याच्या हातून सांडलवंड होऊ द्यावी आणि त्यासाठी त्याला मारू नये, हा त्यांच्या लेखनाचा एक मुख्य सूर होता.

भावनगर येथे गिजुभाईंच्या सहकारी म्हणून आलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. शिक्षणपत्रिका या नियतकालिकाद्वारे त्यांनी मराठी पालकांपर्यंत बालशिक्षणाचा विचार पोहोचविला आणि दादर येथील शिशुविहारातून नागरी मध्यमवर्गात त्याची रुजवण केली. माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धामुळे अनेक वर्षे येथे राहिल्या. त्यांच्या अभ्यासक्रमांतून अनेक भारतीय शिक्षिका तयार झाल्या. तरीही शहरातील सुस्थित कुटुंबे हाच या चळवळीचा मुख्य आधार होता.

याविषयीची अस्वस्थता महात्मा गांधींनी आधीच व्यक्त केली होती. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडन येथे माँटेसरी प्रशिक्षणार्थींपुढे बोलताना, हे शिक्षण केवळ संपन्न घरच्या मुलांना न मिळता अतिदरिद्री मुलांनाही मिळावे, अशी अपेक्षा त्यांनी माँटेसरींच्या उपस्थितीत बोलून दाखविली. १९३७ च्या वर्धा शिक्षणयोजनेत सात वर्षांपुढील मुलांचाच विचार होता. १९४५ च्या सुमारास नई तालीमची व्याप्ती वाढवून तीत सात वर्षांखालील मुलांच्या पूर्वबुनियादी शिक्षणाचा समावेश करण्यात आला. घर, स्वच्छता व आसपासचे उद्योग हा त्याचा गाभा होता. १९४४ च्या सार्जंट अहवालानेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत शिशुशाळांची शिफारस केली होती.

बोर्डी व कोसबाड येथील प्रयोग : डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या तेव्हापासून त्यांच्या सहकारी होत्या. पक्की इमारत, स्वच्छ गणवेशातील मुले आणि साधनांचे कपाट ही शहरी बालमंदिराची गृहीते येथे लागू नव्हती. वाड्या-पाड्यांवरील मुले ठरावीक वेळी शाळेत येत नसत. धाकट्या भावंडांना सांभाळणे व गुरे राखणे ही कामे त्यांच्या अंगावर होती. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असा निर्णय कार्यकर्त्यांनी घेतला. वस्तीतील एखाद्या घराच्या अंगणात भरणारी ‘अंगणवाडी’ आणि गुराखी मुलांसाठी चराईच्या जागी भरणारी ‘कुरणशाळा’ या कल्पना त्यातून साकार झाल्या. मुलांना अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे येथून दिवसाचा आरंभ होई. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले व वारली आदी आदिवासी मुलांत त्याचा विस्तार झाला. ‘विकासवाडी’ या नावाने पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची तेथे एकत्र जोडणी करण्यात आली, त्यामुळे मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडासह शाळेत येणे शक्य झाले.

साधनांच्या बाबतीत येथील कार्यकर्त्यांनी माँटेसरी साधनांचे बाह्यरूप बाजूला ठेवून त्यांचे कार्य जपले. समुद्रकाठचे शंख-शिंपले, नदी-ओढ्यातील गोटे, रानातील बिया, पाने, फुले व काटक्या यांचा उपयोग मोजणे, वर्गीकरण, क्रम लावणे व आकृतिबंध रचणे यांसाठी करण्यात आला. लाकडी मनोऱ्याऐवजी लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले गोटे मापात अचूक नसतात, हे खरे. परंतु ते मुलाच्या ओळखीचे असतात, त्याला ते स्वतः गोळा करता येतात आणि हरवले, तर शिक्षिकेवर संकट कोसळत नाही. महागडे साधन कुलपात राहते, हा अनेक शाळांचा अनुभव होता. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री हे सन्मान मिळाले. कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात अनुताईंनी या कार्याची हकिगत सांगितली आहे.

साधनांचे कार्य : कोणत्याही बालसाधनाची तीन कार्ये मानता येतात : ज्ञानेंद्रियांना भेद ओळखावयास लावणे, हाताला अचूक हालचालीची सवय लावणे व कल्पनेस वाव देणे. ही तिन्ही कार्ये घरातील वस्तूंनी साधतात. एकात एक बसणारे डबे वा वाट्या उतरत्या क्रमाने लावताना मूल लहान-मोठेपणाचा क्रम शिकते. झाकण नेमके कोणत्या डब्याचे, हे शोधताना माँटेसरीच्या दट्ट्यांप्रमाणेच चूक आपोआप उघड होते. मूग, मटकी, राजमा व हरभरा यांचे मिश्रण निवडण्यास दिल्यास वर्गीकरण व बोटांची पकड यांचा सराव होतो. सारख्या आकाराच्या सहा रिकाम्या डब्यांत दोन-दोनमध्ये तांदूळ, चिंचोके व वाळू भरून त्या बंद केल्या, की आवाजावरून जोड्या लावण्याचा खेळ तयार होतो. सुती, रेशमी, लोकरी व गोणपाटाचे तुकडे डोळे मिटून ओळखणे हा स्पर्शाचा, तर जिरे, वेलदोडा, आले व कढीपत्ता ओळखणे हा वासाचा खेळ होय. कणीक मळणे, शेंगा सोलणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, रांगोळीच्या ठिपक्यांवर बोट फिरविणे या क्रियांनी हाताच्या लहान स्नायूंची जी तयारी होते, तिच्यावरच पुढील लेखन आधारलेले असते. जेवणाच्या वेळी घरातील माणसांइतकी ताटे मांडणे हा एकास-एक संगतीचा, म्हणजे संख्याकल्पनेचा पहिला पाठ होय.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) याने दाखविल्याप्रमाणे या वयातील मुलास उंच पेल्यातील पाणी पसरट भांड्यात ओतताच ते कमी झाल्यासारखे वाटते. असे अनुभव शब्दांनी समजावून देता येत नाहीत. ओतून, परत ओतून ते मुलाने स्वतः घ्यावयाचे असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) याने काठीच्या घोड्याचे उदाहरण देऊन कल्पनाखेळाचे मर्म स्पष्ट केले. काठी घोड्यासारखी दिसत नाही. म्हणूनच ‘घोडा’ हा अर्थ मुलाला वस्तूपासून अलग करून मनात धरावा लागतो आणि अमूर्त विचाराची ही पहिली पायरी ठरते. या दृष्टीने पाहता साधे खेळणे हा केवळ गरिबीचा पर्याय राहत नाही. जी वस्तू सर्व काही स्वतःच करते, ती मुलाला करण्यासारखे फारसे उरू देत नाही.

मर्यादा व दक्षता : निसर्गातील वा परंपरेतील प्रत्येक वस्तू निर्धोक असतेच असे नाही. पूर्वी बिट्ट्यांचे खेळ सर्रास खेळले जात. परंतु बिट्टी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे बी, हृदयावर परिणाम करणारे विषारी बी आहे. लाल-काळी गुंजही दिसावयास मोहक, परंतु चावली गेल्यास अत्यंत विषारी असते. धोतऱ्याचे बीही मुलांच्या हाती देऊ नये. तीन वर्षांखालील मुले वस्तू तोंडात घालतात. त्यांच्या खेळात बिया, मणी, शेंगदाणे अशा श्वासनलिकेत अडकणाऱ्या लहान वस्तू टाळून मोठे गोटे, वाट्या व कापडी चेंडू वापरावेत. पाण्याच्या खेळाच्या वेळी बादली उथळ भरावी व मोठ्या माणसाने जवळ असावे. अलीकडे स्वस्त खेळण्यांतून येणाऱ्या नाण्याच्या आकाराच्या विद्युत्‌घटांचा धोका विशेष गंभीर आहे. असा घट गिळल्यास अन्ननलिकेस काही तासांत इजा होते.

शासकीय योजना व संशोधन : २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक आहार व लसीकरण यांबरोबर अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण हेही या योजनेचे अंग आहे. परंतु आहारवाटप, गृहभेटी, नोंदवह्या व सर्वेक्षणे यांच्या भारामुळे मानधनावर काम करणाऱ्या सेविकेच्या दिवसात खेळासाठी उरणारा वेळ तोकडा राहिला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा, एवढेच अनुच्छेद ४५ मध्ये नमूद करण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या व चित्रपत्रे यांचा ‘जादुई पिटारा’ हा संच प्रकाशित झाला. मार्च २०२० मध्ये करोना महामारीमुळे अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा घर हेच पुन्हा बालशिक्षणाचे एकमेव स्थान उरले.

घरगुती साधनांची परिणामकारकता किती, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर जमेकातील प्रयोगातून मिळते. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिने वयाच्या, कुपोषणाने वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचे गट करण्यात आले. काही गटांतील घरांना आरोग्यसेविकांनी दोन वर्षे दर आठवड्यास सुमारे एक तास भेट दिली आणि घरी बनविलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, त्याच्याशी कसे बोलावे, हे आईला दाखविले. ही मुले बाविशीत पोहोचल्यानंतर केलेल्या पाहणीत, जी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांची कमाई खेळभेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सरासरीने सु. २५ टक्के अधिक आढळली. केवळ पूरक आहार मिळालेल्या मुलांत असा दीर्घकालीन फरक दिसला नाही. प्रयोगातील मुलांची संख्या लहान होती व त्यांचे वय पूर्वप्राथमिक वयाहून कमी होते, हे लक्षात घेऊनही त्याचा निष्कर्ष दुर्लक्षणीय नाही. खेळणी जवळजवळ फुकट होती. खर्च झाला तो माणूस घरी पाठविण्यावर.

अल्पमोली साधनांच्या संपूर्ण इतिहासाचे तात्पर्य यातच सामावलेले आहे. साधन स्वस्त झाले, तरी शिक्षण विनामूल्य होत नाही. पैशाची जागा मोठ्या माणसाचा वेळ घेते. गोट्यांचा ढीग मुलापुढे ओतून शिक्षण घडत नाही. कोणीतरी शेजारी बसावे लागते, मूल काय करते आहे ते पाहावे लागते, योग्य क्षणी एखादा शब्द द्यावा लागतो व योग्य क्षणी गप्पही राहावे लागते. शेतमजूर वा घरकामगार आईजवळ गोटे असतात, वेळ नसतो. सुस्थित घरात वेळ विकत घेता येतो. परंतु तेथे पुष्कळदा खेळण्यांचे कपाट व हातातील पडदा यांवर मुलाचा भार टाकला जातो. अंगणवाडी ही कल्पना मुळात या दोन्ही उणिवांवरील उत्तर होती : साधने वस्तीतलीच, मात्र त्यांच्यापाशी निवांतपणे बसणारे एक जाणते माणूस. पहिला भाग देशभर पोहोचला. दुसरा भाग, म्हणजे त्या माणसाचे प्रशिक्षण, वेतन व मोकळा वेळ, पूर्ण झाल्याखेरीज बोर्डीच्या अंगणात सुरू झालेला प्रयोग पूर्णत्वास गेला, असे म्हणता येणार नाही.